धुरावर जगलेलं घर

दादा,

परवा तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले, मोठी भांडी पंचायतीत परत गेली, सतरंज्या घड्या घालून पोचत्या केल्या. मी मात्र इथंच राहिले आहे, आपल्या घराच्या मधल्या खणात, आढं तोलून धरणाऱ्या मेढीला पाठ टेकून. सकाळी मी ही जमीन झाडली होती. आता पुन्हा तिच्यावर पिवळसर पीठ पडलंय, चाळणीतून पडावं तसं बारीक. वर बघितलं तर काही दिसत नाही. कान दिला की वाशांच्या आतून कुरकुर ऐकू येते. बांबू पोखरणाऱ्या किड्यांची ती कुरकुर आहे. ती तुझ्या कानावर कधी पडली नाही, पण ती कशामुळे सुरू झाली हे तुला माहीत होतं, असं मला परवा कळलं.

पेपरात तुझी चार ओळींची बातमी आली होती. टपाल खात्यात इतकी वर्षं, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात बहीण वगैरे. मनमिळाऊ हा शब्द वाचून वकीलसाहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या दिवसांतही हसू आलं. तू आणि मनमिळाऊ. गेल्या वर्षभरात तू माझ्याशी जितका भांडलास तितका आयुष्यात कुणाशी भांडला नसशील, आणि सगळं भांडण एकाच गोष्टीवरून, या घरातली चूल पेटवायची की नाही. तू गेलास तरी ते मिटलेलं नाही. माझ्या बाजूचं एक वाक्य तुला सांगायचं राहिलं आहे. ते एकदम बोलवत नाही, म्हणून आधी घराचं बोलते. घराचं बोलणं निघालं की तुझा पारा उतरतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

हे घर राहण्यासाठी बांधलंच नव्हतं, ही तुझी आवडती सुरुवात. कुणी नवा माणूस आला की त्याचं पाणी पिऊन व्हायच्या आत तू ती ऐकवायचास. आजोबांचा इथं विड्याच्या पानांचा मळा होता. मळ्याची राखण करायला त्यांनी दोन दुबेळक्याचे, वर फाटा असलेले खांब रोवले, त्यांवर सागाचं आढं टाकलं, दोन्ही बाजूंना गवताची पाखी सोडली. झाली खोप. राहतं घर तिकडे गावात, पांढरीत होतं, जाड मातीच्या भिंतींचं, धाब्याचं. मग एका पावसाळ्यात नाला फुगला, आठ दिवस पाणी हटलं नाही, आणि ते जाडजूड घर बसलं. आजी-आजोबा लहानग्या बाबांना घेऊन चार दिवसांसाठी खोपीत राहायला आले. इथं आलं की तू थोडं थांबायचास आणि म्हणायचास, "ते चार दिवस अजून चालूनच राह्यले."

जाड भिंतींचं घर बसलं आणि गवताची खोप का उभी राहिली, याचं उत्तर मी पुढं अमरावतीच्या तंत्रनिकेतनात वर्षानुवर्षं मुलांना फळ्यावर काढून शिकवलं. आपली काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर ताठ भिंत उभी केली की ती तडकते. आपल्या भिंती कुडाच्या. तुरीच्या तुऱ्हाट्या विणून केलेला तट्टा, त्याला दोन्ही अंगांनी पांढरी माती, शेण आणि भुसा कालवून लिंपलेला. जमीन वर आली की तो वर येतो, खाली गेली की खाली जातो, आणि पडलेल्या भेगा वहिनी दिवाळीला पोतारून टाकायची. हे समजावून सांगायला मला अख्खा तास लागायचा. तुझं दोन वाक्यांत व्हायचं. "जमीन हालली का भितबी हालते. त्याहीचं भांडन नाई."

सगळ्या घरात एक खिळा नाही. वासे आढ्याला बांधलेत ते अंबाडीच्या दोरानं, आणि गाठ आजोबांची, मळ्यातली. वेल आधाराला बांधताना ती अशी बांधायची की वेल जाड झाली तरी तिचा गळा आवळू नये आणि वाऱ्यानं सुटूही नये. लाकडालाही त्यांनी तीच गाठ मारली. ती बाबांना यायची, तुला यायची. मलाही तू शिकवलीस, पण माझ्या हातून ती एक तर करकचून बसते, नाही तर सुटते.

पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत, म्हणून आजोबांच्या वेळेपासून या घराच्या फाटकाशीच चपला काढायच्या. पाणी खोल गेलं, वेल वाळले, मळ्याच्या जागी तूर आणि कापसाची पऱ्हाटी आली, तरी चपला फाटकाशीच राहिल्या. भर उन्हाळ्यात फाटकापासून ओट्यापर्यंत सगळ्यांनी पाय पोळत, नाचत यायचं. वकीलसाहेब तर आधी पाय पोळून घ्यायचे आणि मग वळचणीला कपाळ आपटायचे. वळचण इतकी खाली की आपल्यासारख्या बुटक्यांनाही वाकावं लागतं. "जवाई नमस्कार कराले आले," तू म्हणायचास, आणि वहिनी तोंडाला पदर लावून आत जायची.

एकेक लग्न झालं की एकेक खण वाढला. पहिला खण आजोबांच्या खोपीचा, त्यात चूल. दुसरा बाबांच्या लग्नात, जिथं मी आता बसले आहे. तिसरा तुझ्या लग्नात, तो तू स्वतःच्या हातानं उभा केलास. त्याची मेढ थोडी कललेली आहे. लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि तुझं मन मेढीवर नव्हतं, असं सगळे म्हणायचे. तू ते कधी मान्य केलं नाहीस. चौथा खण झाला नाही, कारण तुम्हाला मूल झालं नाही. त्या तिसऱ्या खणाची बाहेरची भिंत, जिथून पुढचा खण निघाला असता, तिच्याशी वहिनी कधी कधी नुसतीच उभी राहायची. तेव्हा तू काहीतरी काम काढून शेतात निघून जायचास. मी ते पाहिलं आहे. तुझ्याशी कधी बोलले नाही.

शाकारणीचे दिवस मात्र मला रडू न येता आठवतात. अक्षय तृतीया झाली की रहमतभाई डोंगराच्या पायथ्याहून गवत घेऊन यायचे, आधी बंडीनं, पुढं टेम्पोनं. त्यांच्या अब्बांनी आजोबांना गवत दिलं, त्यांनी तुला. नाल्यापलीकडे त्यांचं घर, आणि छपरावर चढायचं ते तुम्ही दोघांनीच. काम खालून वर चालायचं. पहिली ओळ वळचणीला, तिच्यावर अर्धी चढवून दुसरी, अशी आढ्यापर्यंत. उतार खडा. "पान्याले बसाले जागा नाई भेटली पाहिजे," तू वरून ओरडायचास. मी खालून पेंढ्या द्यायचे. मुलींनी छपरावर चढायचं नाही असा बाबांचा नियम होता. मी चौथीत असताना एकदा बाबा अचलपूरच्या बाजाराला गेले, आणि तू मला हाताला धरून वर ओढलंस. आढ्यावर दोन्हीकडे पाय सोडून मी बसले. समोर सगळा डोंगर, खाली नाला, आणि लांब गावात शाळा. "पाह्य वं, तुह्या शाळेचं टिन किती चमकून राह्यलं," तू म्हणालास. मी खाली बघत होते, माझ्या पायांखालच्या बांधणीकडे, एका गाठीजवळ दुसरी गाठ, एका वाशाजवळ दुसरा वासा. घर ही कुणीतरी विचार करून केलेली गोष्ट असते, हे मला त्या दिवशी कळलं. पुढं मी जे शिकले, जी नोकरी केली, त्या सगळ्याची सुरुवात त्या आढ्यावर झाली. हे मी तुला सांगितलं नाही. निवृत्तीच्या समारंभात मी प्राचार्यांचे आभार मानले, चहा देणाऱ्या मावशींचे मानले. तू दुसऱ्या रांगेत नवं धोतर नेसून बसला होतास.

एका उन्हाळ्यात मी मोजपट्टी घेऊन आले, आठवतं? या घराचा नकाशा करून कॉलेजात लावायचा होता. पट्टीचं दुसरं टोक तू धरलंस. एक कोपरा काटकोनात निघेना, समोरासमोरच्या भिंतींची लांबी जुळेना. अमरावतीला जाऊन कागदावर मी सगळं सरळ करून टाकलं आणि मोठ्या कौतुकानं तुला दाखवायला आणलं. तू चष्मा लावून बराच वेळ बघितलंस. "छान हाय. पन हे आपलं घर नोय वं, शोभे. तू मले दुसऱ्याचं घर दाखवून राह्यली." मी म्हटलं, नकाशे असेच करतात. "मंग तू सरळ केलं म्हून सांग. असेच करतेत, असं नोको सांगू." तुझी ही खोडच होती. चूक तुला चालायची, लपवाछपवी चालायची नाही.

त्या नकाशात आणखी एक गोष्ट राहिली होती. तू ती तेव्हाच म्हणाला होतास. त्यात धूर नव्हता.

गवताच्या घराला धुराडं नसतं. चुलीचा धूर वर चढतो, माळ्यावरच्या लसणाच्या जुड्यांना आणि बियाण्याच्या कणसांना लागतो, वाशांना लागतो आणि गवतातून झिरपून बाहेर जातो. सकाळी फाटकातून बघितलं की सगळं छप्पर वाफाळलेलं दिसायचं. त्या धुरानं आपले वासे काळेभोर, तुळतुळीत झाले. धूर खाल्लेल्या बांबूला किडा तोंड लावत नाही, उधई-वाळवी चढत नाही. आजोबांच्या हातचे वासे तुझ्या म्हातारपणापर्यंत टिकले ते या धुरावर. म्हणून गॅस आला तेव्हा तू शेगडी बाहेर ओट्यावर ठेवलीस, पाहुण्यांच्या चहापुरती. वहिनी गेल्यावर एकट्या माणसाच्या दोन भाकरींना काय लागतं, पण तू रोज सकाळी चूल चांगली तासभर पेटती ठेवायचास. रविवारी वरून कडुलिंबाचा ओला पाला टाकायचास आणि खोकत, डोळे पुसत बाहेर यायचास. "आठ-पंधरा दिवस चूल थंडी राह्यली तं चालते. दोन-तीन मयने राह्यली का घर खल्लास." हे मी तुझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की तू 'आठ-पंधरा' म्हणालास की पुढचं मीच म्हणायचे.

मग तो खोकला जाईना. अमरावतीच्या डॉक्टरांनी तुझा छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, बिड्या किती वर्षांपासून ओढता? तू जन्मात बिडी ओढली नव्हतीस. "म्या नाई ओढल्या, साहेब. माह्या घरानं ओढल्या," तू म्हणालास. डॉक्टर हसले नाहीत. यापुढं धुराजवळ जायचं नाही, एवढंच त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, गवत काढू, टिन टाकू, मग चुलीची गरजच नाही. तू म्हणालास, टिनाखाली माणूस भाजते. मी म्हटलं, गवताखाली तो मरतोय. "मरन तं मरन. घर तं राहीन." आणि मग मी ते बोलले. ओट्यावर जेवायला बसलो होतो, तुझ्या हातात घास होता. मी म्हटलं, "कुणासाठी राहील?" तू तिसऱ्या खणाच्या भिंतीकडे बघितलं नाहीस. कुठंच बघितलं नाहीस. भाकरी संपवलीस, ताट धुतलंस, आणि दुसऱ्या दिवशी मला एस.टी.वर सोडायला आलास तेव्हा पेरूंची पिशवी माझ्या हातात दिलीस. त्या प्रश्नाची माफी मी मागितली नाही. पेरू खाल्ले.

दिवाळीनंतर तुला नाल्याचा चढ चढवेना. आम्ही गाडी घेऊन आलो. तू दोन कपडे पिशवीत घातलेस आणि दारात उभा राहून म्हणालास, "येतो. पन चूल पेटली पायजे. रोज." मी हो म्हटलं. शेजारच्या मळ्यातल्या पार्वताबाईला किल्ली दिली, सकाळी तासभर चूल पेटवायची असं तिच्याशी ठरवलं. तू स्वतः तिला दाखवलंस, तुऱ्हाट्या किती, गोवऱ्या किती, कडुलिंब कोणत्या वारी. मग फाटकाशी चपला घातल्यास आणि गाडीत बसलास. मागं वळून बघितलं नाहीस, कारण परत यायचंच होतं.

माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तू दिवसभर स्लॅबकडे बघत पडून राहायचास. दुपारी चार वाजता मी चहा आणायचे, आणि कप हातात घ्यायच्या आधी तू विचारायचास, "चूल पेटली?" मी सकाळीच पार्वताबाईला फोन केलेला असायचा. मी म्हणायचे, "पेटली." मग तू चहा प्यायचास.

पहिले वीस दिवस ती खरोखर पेटत होती. मग पार्वताबाईला मुलीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला जावं लागलं. तिनं फोन करून विचारलं, किल्ली कोणाजवळ देऊ? मी म्हटलं, राहू दे तुझ्याच घरी. चार-पाच दिवसांनी रहमतभाईंचा फोन आला. "ताई, भाऊच्या घरातून धूर दिसून नाई राह्यला. मी पेटवत जाऊ का?" मी म्हटलं, "नको, रहमतभाई. पार्वताबाई येईलच दोन दिवसांत." ती तीन महिने येणार नव्हती. मला ते माहीत होतं.

हेच ते वाक्य, दादा. मला ते छप्पर पडायला हवं होतं. मी विसरले नव्हते, आळस केला नव्हता, गैरसमजही झाला नव्हता. ज्या बाईनं आयुष्यभर पोरांना घर कशानं टिकतं ते शिकवलं, तिला ते कशानं पडतं हे नीट ठाऊक होतं. घर गेलं की तुला परत जायला जागा उरणार नाही, तू माझ्याकडेच राहशील, धुरापासून लांब, आणि दोन-चार वर्षं जास्त जगशील, असा माझा बेत होता. तुला वाचवायला मी तुझं घर मारायला काढलं. आणि रोज चार वाजता तुझ्या डोळ्यांत बघून 'पेटली' म्हटलं. पहिल्या दिवशी माझ्याकडून कपातला चहा बशीत सांडला. आठ दिवसांनी तेही होईना. त्याची मला आता सगळ्यात जास्त शरम वाटते.

संक्रांत जवळ आली होती. तू म्हणालास, "शोभे, माही गोदडी आन वं घरून. तुह्या वहिनीच्या हातची. लय थंडी वाजून राह्यली." मी एकटीच आले. पार्वताबाईच्या सुनेकडून किल्ली घेतली, फाटकाशी चपला काढल्या. आत घर थंड होतं. चुलीतली राख बसून घट्ट झाली होती, तिच्यावर कोळ्यानं जाळं केलं होतं. गोधडी दोरीवरच होती. मी ती ओढून काढली आणि वर न बघता बाहेर पडले. वर बघितलं असतं तर कदाचित त्याच दिवशी रहमतभाईंच्या हातात किल्ली दिली असती. म्हणूनच बघितलं नाही.

तू गोधडी मांडीवर घेतलीस, उलगडलीस, आणि तिच्यात तोंड खुपसून बसलास, बराच वेळ. मला वाटलं, वहिनीची आठवण आली. मी स्वयंपाकघरात निघून गेले, तुला एकट्याला रडू द्यावं म्हणून. परत आले तेव्हा तू गोधडीची घडी घातलेली होतीस. म्हणालास, "चांगली हाय." दुसऱ्या दिवशी चार वाजता चहा घेतलास आणि काही विचारलं नाहीस. त्यानंतर कधीच विचारलं नाहीस. मला सुटल्यासारखं वाटलं, दादा. मी वकीलसाहेबांना म्हटलं, बघा, रमला की नाही? त्या दिवशी मी शिरा केला.

फाल्गुनात, सकाळच्या वेळी, खिडकीजवळच्या खुर्चीत तू गेलास. गोधडी पायांवर होती. चूल बंद करून तुझी छाती वाचली नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला होता, धूर आधीच आत बसला होता. म्हणजे मी जे केलं त्याचा तुला एका दिवसाचाही फायदा झाला नसावा. छप्परही गेलं आणि तूही.

तुला घरी आणलं. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर बुटासकट आत निघाला, तेव्हा रहमतभाईंनी त्याला फाटकाशी थांबवलं. "बूट इथं काढा." त्यानं एकदा सगळ्यांच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि काढले. ओट्यावर जागा करायला रहमतभाई आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या टोपीवर आणि दाढीवर ते पीठ होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तुझ्या पायांशी बसले होते. ते टोपी झटकून तुला खांदा द्यायला उभे राहिले.

परवा, सगळे जेवून गेल्यावर, ते ओट्याच्या कडेला टेकले.

"ताई, एक गोष्ट सांगू का? सांगू नोको म्हने भाऊ. पन आता भाऊच नाई राह्यला."

"सांगा."

"संक्रांतीच्या दोन रोज बाद त्याचा मले फोन आलता. म्हने, रहमत, औंदा गवत आनू नोको. मी म्हटलं, काऊन? औंदा तं पुरी शाकारनी कराची हाय. तं म्हने, घर आता राह्यत नाई. चूल बंद हाय तठची."

मी विचारलं, त्याला कोणी सांगितलं?

"मीबी तेच इचारलं. तं म्हने, गोदडीले शिळ्या धुराचा वास येऊन राह्यला, ताज्याचा नाई. मी म्हटलं, किल्ली आनतो, आत्ताच पेटवतो, अजून येळ गेली नाई. तं म्हने, नोको. शोभीनं काई पाहूनच केलं असन. तिले काई बोलू नोको."

मी त्यांना काय म्हणाले ते मला आठवत नाही.

दादा, तू ओरडला का नाहीस? नकाशातला एक सरळ कोपरा तुला सहन झाला नव्हता. मग ते रोजचं 'पेटली' तू कसं गिळलंस? एक शब्द बोलला असतास तर मी त्याच पावली गावाला आले असते, तुझ्या पाया पडून, स्वतः चूल पेटवून बसले असते. तेव्हा वेळ होती. रहमतभाई म्हणतात, होती. तू मला वाचवायला गप्प बसलास आणि मी तुला वाचवायला खोटं बोलत राहिले, आणि त्या तीन महिन्यांत आपण दोघं एका खोलीत बसून रोज चहा प्यायलो. तू मला माफ केलंस, की माझ्यावरचा विश्वास उडाला म्हणून बोलणंच सोडलंस? घर राहत नाही म्हटल्यावर तूही राहायचं सोडलंस का? मला हे आता कोण सांगणार? मी इतकी वर्षं मुलांना प्रश्न विचारत आले, पण उत्तर देणारा माणूसच नसतो असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

'शोभीनं काही पाहूनच केलं असेल.' तुझ्या या वाक्याखाली मला उभं राहवत नाही. तू शिव्या द्यायला हव्या होत्यास.

काल रहमतभाईंनी शिडी लावून सगळे वासे एकेक करून ठोकून बघितले. आजोबांच्या खणातले, बाबांच्या खणातले, तुझ्या. खाली उतरून त्यांनी हात झटकले. "ताई, अंदर से सब पोला हो गया. वैशाखाच्या वाऱ्यात बसन. त्याच्या पैले उतरवून घेऊ." मी विचारलं, धूर दिला तर? त्यांनी नकारार्थी मान हलवली. उद्या ते माणसं घेऊन येणार आहेत. आधी गवत काढतील, मग गाठी सोडतील. गाठी कापू नका, सोडा, एवढं मी सांगितलं आहे. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही.

आज दुपारी मी चूल साफ केली. जुनी राख काढली, चूल पोतारली, तुझ्या पद्धतीनं तुऱ्हाट्या आडव्या-उभ्या रचल्या. पहिल्या दोन वेळा विझली. तिसऱ्यांदा धरली. वरून कडुलिंबाचा पाला टाकला, वार कोणता हे न बघता. धूर वर चढला, माळ्यात शिरला, आणि मला खोकल्याची अशी उबळ आली की बाहेर पळावं लागलं. तुझी गोधडी मी आत वाशाखालच्या दोरीवर टाकून ठेवली आहे. पीठ पडायचं थांबलं नाही. ते आता चुलीतही पडतंय आणि पडलं की जरा चरचरतं.

मी अनवाणी फाटकापर्यंत गेले आणि वळून बघितलं. सगळं छप्पर वाफाळत होतं, अगदी आपल्या लहानपणीसारखं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही वाटावं, आत माणसं राहतात, भाकरी होते आहे. नाल्यापलीकडे रहमतभाई शेळी सोडायला निघाले होते. ते धूर बघून थांबले. इकडे आले नाहीत, तिथंच उभे राहिले.

चार वाजले. मी चुलीवर चहा ठेवला, सवयीनं दोन कप. कप समोर ठेवून थोडा वेळ वाट बघितली, तू विचारशील म्हणून.

पेटली, दादा. आज खरंच पेटली.